जुन्या मोटारीला बिनकिल्लीचे कुलूप

'तिळा तिळा, दार उघड!' असे म्हटले की डोंगरातली गुहा उघडते, ही अलीबाबाची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेलच. ती पुन्हा एकदा नीट आठवून पाहा. त्या गुहेला किल्ली नव्हती. होता तो फक्त एक सांकेतिक शब्द. चोरांच्या नायकाने तो मोठ्याने उच्चारला, झाडावर लपलेल्या अलीबाबाने तो ऐकला आणि चोर निघून जाताच जसाच्या तसा म्हटला. शब्द कोण म्हणतो आहे, याच्याशी गुहेला काही कर्तव्य नव्हते. पुढे अलीबाबाचा भाऊ कासिम गुहेत शिरला आणि लोभापायी शब्दच विसरला. आतून दार उघडण्याची दुसरी सोय नव्हती. त्याचे पुढे काय झाले, ते तुम्हांला ठाऊकच आहे.

बिनकिल्लीच्या कुलपाचे दोन मोठे दोष या गोष्टीत आधीच येऊन गेले आहेत. एक, चोरून ऐकलेला संकेत पुन्हा वापरता येतो. दुसरा, संकेत चालेनासा झाला तर मालकच अडकतो. तीस-चाळीस वर्षांच्या म्हाताऱ्या मोटारीला दुरून उघडणारे कुलूप बसवायचे म्हटले, की या दोन्ही दोषांशी गाठ पडते.

अशा मोटारींचे वेड जगभर आहे. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी आणि पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याची अॅम्बॅसडर यांची हौसेने निगा राखणारे लोक आहेत. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ साली निवृत्त झाली, तरी खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी अजून दृष्टीस पडतात. या गाड्यांत पाऊस पडत असताना, हातात पिशव्या असताना, चारी दरवाजे एकामागून एक बंद करत बसावे लागते. मालकाला वाटते, नव्या गाडीसारखी एका बटणावर चारी दारे बंद झाली तर काय बिघडले? काही बिघडत नाही. पण काम वाटते तितके सोपे नसते.

या उद्योगाची सुरुवात मात्र सोयीसाठी झालीच नाही. ती झाली सौंदर्यासाठी. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात तरुण कारागिरांना मोटारींना नवे रूप देण्याचा नाद लागला. जुनी मोटार घ्यायची, तिचे छप्पर कापून खाली आणायचे, नक्षीच्या पट्ट्या काढायच्या, भोके शिशाने भरून काढायची आणि सगळा पत्रा कसा गुळगुळीत करायचा! या गुळगुळीतपणाला दारांच्या मुठी आड येऊ लागल्या. तेव्हा त्यांनी मुठीही काढून टाकल्या. आता दार उघडायचे कसे? त्यांनी दाराच्या पोटात विद्युत्चुंबक बसवला आणि त्याचे बटण बाहेर कुठेतरी, चटकन दिसणार नाही अशा जागी लपवले. बटण दाबले की खट् असा आवाज होई आणि दार चार बोटे उघडे पडे. पाहणाऱ्याला जादूच वाटावी! रेडिओ नाही, संकेत नाही, तरी बिनकिल्लीचे दार झाले होते.

हा विद्युत्चुंबक म्हणजे तुमच्या पाठ्यपुस्तकातले नालकुंतल. गॅरेजमध्ये त्याला सॉलेनॉइड म्हणतात. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात एक लोखंडी गाभा अर्धा बाहेर ठेवलेला असतो. तारेतून प्रवाह गेला की चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि गाभा आत खेचला जातो. गाभ्याला जोडलेली तार किंवा साखळी दाराची कडी ओढते. दारांसाठी मिळणाऱ्या दणकट नालकुंतलांची ओढ सुमारे वीस किलो वजन उचलण्याइतकी असते. पण ही ओढ सारखी नसते. गाभा जितका बाहेर, तितकी ओढ कमी. आत शिरत जाईल तशी ती झपाट्याने वाढते. म्हणून कडीला जोडणारी तार ढिली ठेवून चालत नाही, आणि फार ताणूनही चालत नाही. अनुभवी मिस्त्री ती किंचित सैल ठेवतात. गाभा थोडा वेग घेतो आणि मग कडीवर हिसका बसतो. कुदळीचा घाव घालताना आपण हात मागे नेतो, त्यातलाच हा प्रकार.

आता थोडे गणित करू. समजा, नालकुंतल २५ अँपियर प्रवाह घेते. १२ व्होल्टला ही शक्ती ३०० वॅट झाली. बटण अर्धा सेकंद दाबले तर ऊर्जा खर्च झाली १५० जूल. गाडीच्या ४० अँपियर-तासांच्या बॅटरीत सुमारे १७ लाख जूल ऊर्जा असते. म्हणजे दार उघडण्याचा खर्च नगण्य आहे. पण प्रवाह मोठा असल्याने तारेची जाडी मात्र नगण्य नाही. एक चौरस मिलिमीटर छेदाची चार मीटर तांब्याची तार घेतली, तर तिचा रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो. २५ अँपियरला या तारेतच पावणेदोन व्होल्ट खर्ची पडतात, आणि दाराशी पोचतात जेमतेम सव्वादहा. चौपट छेदाची तार घेतली की तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत येतो. शिवाय प्रवाहाची परतीची वाट गाडीच्या पत्र्यातून असते. जुन्या गाडीत तिथे गंज आणि रंगाचे थर असतात. नालकुंतल नुसतेच गुरगुरते, दार काही उघडत नाही, तेव्हा दोष बहुधा या परतीच्या वाटेवर सापडतो.

इतका प्रवाह छोट्या बटणातून नेला तर बटण जळेल, म्हणून मध्ये रिले घालतात. बटणाने रिलेचा लहान चुंबक चालवायचा आणि रिलेने मोठा प्रवाह जोडायचा. प्रवाह तोडताना आणखी एक गोष्ट घडते. वेटोळ्यातले चुंबकीय क्षेत्र एकाएकी कोसळते आणि उलट दिशेचा, कधीकधी शेकडो व्होल्टचा झटका निर्माण होतो. रिलेच्या तोंडाशी ठिणगी पडते ती यामुळेच. जवळपास नाजूक इलेक्ट्रॉनिक मंडल असेल तर ते क्षणात मरते. म्हणून वेटोळ्याशी समांतर, पण उलटा, एक डायोड जोडतात. बाजारात काही रुपयांना मिळणारी ही वस्तू न लावल्यामुळे महागडे यंत्र वाया गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

ज्यांना मुठी काढायच्या नाहीत, फक्त कुलूप दुरून लावायचे आहे, त्यांचे काम याहून सौम्य आहे. दाराच्या आत काचेच्या यंत्रणेशेजारी एक छोटी मोटर बसते. दंतचक्रांच्या साह्याने ती एक दांडी दोन-तीन सेंटिमीटर पुढेमागे सरकवते. त्या दांडीने कुलपाची मूळची सळई ढकलली की कुलूप लागते, ओढली की उघडते. मोटरची दिशा बदलायची तर प्रवाहाची दिशा बदलायची. त्यासाठी दोन रिले पुरतात. स्वस्थ असताना मोटरच्या दोन्ही तारा पत्र्याला जोडलेल्या असतात. एक रिले चालला की एक तार धन होते, दुसरा चालला की दुसरी. वहीत आकृती काढून पाहा. एका रिलेने हे का होत नाही, ते लगेच ध्यानात येईल.

फारच जुनी गाडी असेल तर आधी एक गोष्ट तपासावी लागते. अमेरिकेतल्या बहुतेक मोटारी १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत १२ नव्हे, तर ६ व्होल्टवर चालत. अनेक ब्रिटिश मोटारींत १९६० च्या दशकापर्यंत बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असे, म्हणजे आजच्या रिवाजाच्या बरोबर उलट. अशा गाडीला आजचे यंत्र डोळे मिटून जोडले, तर पहिल्याच क्षणी धूर निघतो.

आता संकेताकडे वळू. फोर्ड कंपनीने १९८० सालच्या थंडरबर्ड आणि काही लिंकन गाड्यांच्या दारावर आकड्यांची पाच बटणे बसवली. ठरलेला पाच अंकी आकडा दाबला की दार उघडे. पुढे अशा बटणपट्ट्या जुन्या गाड्यांना जोडण्यासाठीही मिळू लागल्या. तिच्यातली गंमत पाहा. दहा अंक, पण बटणे पाचच. एका बटणावर १ आणि २, दुसऱ्यावर ३ आणि ४, असे. त्यामुळे १३५७९ आणि २४६८० हे दोन संकेत कुलपाच्या लेखी एकच! मालकाला वाटते, एक लाख आकड्यांतून माझा आकडा शोधणार कोण? प्रत्यक्षात वेगळे संकेत होतात पाचाचा पाचवा घात, म्हणजे फक्त ३,१२५.

एकेक संकेत दाबून पाहायचा तर १५,६२५ वेळा बटण दाबावे लागेल. सेकंदाला एकदा दाबले तरी सव्वाचार तासांहून अधिक. पण समजा, कुलूप फक्त शेवटची पाच बटणे ध्यानात ठेवते. मग एका संकेताची शेपटी हेच पुढच्याचे डोके करता येते. असे नीट गुंफले, तर सगळे ३,१२५ संकेत फक्त ३,१२९ दाबांत बसतात आणि चोराचे काम बावन्न मिनिटांत आटोपते. अशा साखळीला डच गणिती निकोलास डी ब्रॉइन याचे नाव मिळाले आहे. त्याचा लेख १९४६ चा.

पण तुम्हांला ही साखळी आधीपासून पाठ आहे! मराठीच्या तासाला वृत्तांचे गण शिकताना 'यमाताराजभानसलगा' घोकला नव्हता का? त्यात दहा अक्षरे आहेत. कोणतीही लागोपाठची तीन उचला: यमाता, मातारा, ताराज, राजभा, जभान, भानस, नसल, सलगा. लघु-गुरूच्या तीन अक्षरी रचना एकूण आठ, आणि आठही इथे एकदाच, आणि एकदाच, येतात. सुटे लिहिले असते तर चोवीस अक्षरे लागली असती. आपल्या छंदःशास्त्राने दहांत काम भागवले आहे. आता तुम्ही एक करून पाहा: दोन बटणे आणि चार दाबांचे कुलूप असेल, तर १९ दाबांची साखळी तयार होते का?

फोर्डने पुढच्या गाड्यांत यावर साधा उपाय केला. लागोपाठ ३५ दाब चुकले की बटणे एक मिनिट गप्प होतात. दर वेळी साखळी तुटते आणि चोराला सुमारे शंभर वेळा थांबावे लागते. बावन्न मिनिटांचे अडीच तासांहून अधिक होतात, आणि रस्त्यावर परक्या गाडीपाशी इतका वेळ कोण उभा राहू देणार?

दुरून उघडणारे कुलूप १९८२ साली फ्रान्सच्या रेनॉ फ्युएगो या गाडीबरोबर लोकांसमोर आले. ते अवरक्त किरणांवर चाले, घरातल्या टीव्हीच्या रिमोटसारखे. ते शोधणाऱ्या पॉल लिपशुट्झच्या नावावरून फ्रेंच लोक अशा रिमोटला अजूनही 'प्लिप' म्हणतात. अवरक्त किरणांना समोर नेम धरावा लागतो, म्हणून पुढे रेडिओ लहरी आल्या. खरे तर तारेवाचून दुरून काम करवून घेण्याची कल्पना कितीतरी जुनी आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात भिंतीपलीकडची घंटा रेडिओ लहरींनी वाजवून दाखवली होती.

युरोपात आणि भारतात अशा रिमोटसाठी ४३३.९२ मेगाहर्ट्झची वारंवारता प्रचलित आहे, अमेरिकेत व जपानमध्ये ३१५. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागा. तरंगलांबी ६९ सेंटिमीटर येते आणि तिचा चौथा भाग १७ सेंटिमीटर. म्हणूनच ग्राहकयंत्रातून लोंबणारी तार साधारण वीतभर असते. नीटनेटकेपणाच्या हौसेपायी ती गुंडाळून ठेवू नये, पल्ला निम्म्यावर येतो. जुन्या गाड्यांचा पत्रा जाड पोलादी. त्यातून लहरी जात नाहीत, त्या येतात काचांतून. तेव्हा ग्राहक पत्र्याच्या कोनाड्यात न लपवता पुढच्या काचेखाली, धातूपासून थोडा दूर आणि ठिणगी टाकणाऱ्या इंजिनाच्या तारांपासूनही लांब बसवावा.

हा ग्राहक रात्रंदिवस जागा असतो. तो १० मिलिअँपियर प्रवाह घेत असेल, तर ४० अँपियर-तासांची बॅटरी ४,००० तासांत, म्हणजे साडेपाच महिन्यांत रिकामी होते. स्वस्तातला ग्राहक ५० घेत असेल, तर तेहतीस दिवसांत. रोजच्या गाडीत हे कळतही नाही. हौसेची गाडी मात्र सगळा पावसाळा ताडपत्रीखाली उभी असते. माझ्या एका परिचितांनी मोठ्या हौसेने मुठी काढून टाकलेली गाडी तयार करवली. दसऱ्याला ताडपत्री काढली, तर रिमोटला दार हूं की चूं करेना. बॅटरी बॉनेटखाली, बॉनेट उघडायची दांडी आत, आणि आत जायला दार बंद! शेवटी मागची एक काच फोडावी लागली. त्या नमुन्याची काच आता मिळत नाही. ती बनवून घ्यायला चार महिने गेले आणि ती मूळच्या काचेसारखी झालीच नाही.

राहिला अलीबाबाचा दोष. साधे, स्वस्त रिमोट प्रत्येक वेळी तोच संकेत पाठवतात. तो वीस द्विमान अंकांचा असेल तर १०,४८,५७६ शक्यता होतात, पण चोराला त्या मोजायच्याच नसतात. तो झाडावर बसून ऐकणार! यावर उतारा म्हणजे दर वेळी बदलणारा संकेत. रिमोट आणि ग्राहक दोघांकडे एक गणक आणि एक गुप्त सूत्र असते. खेळातले उदाहरण घेऊ. सूत्र असे: गणकाला ७ ने गुणा, ३ मिळवा, १०० ने भागून बाकी घ्या. गणक १२ असेल तर संकेत ८७. १३ ला ९४. १४ ला १. ग्राहकही हेच गणित करतो आणि एकदा वापरलेला आकडा पुन्हा स्वीकारत नाही. चोरून ऐकलेला ८७ आता शिळा झाला. खरे सूत्र अर्थातच फार गुंतागुंतीचे असते. १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार झालेली कीलॉक नावाची पद्धत ३२ द्विमान अंकांचा संकेत ६४ अंकांच्या गुप्त किल्लीने ५२८ फेऱ्यांत घुसळून काढते.

गाडीपासून दूर असताना एखाद्या पोराने खेळता खेळता बटण दाबले तर? रिमोटचा गणक पुढे जातो, ग्राहकाचा मागे राहतो. म्हणून कीलॉकचा ग्राहक पुढच्या सोळा संकेतांपर्यंत कोणताही मान्य करतो. त्याहून पुढे गेला असेल तर लागोपाठचे दोन संकेत मागतो आणि आपला गणक जुळवून घेतो.

हेही अभेद्य नाही. २००८ च्या सुमारास युरोपातल्या संशोधकांनी कीलॉकची किल्ली शोधण्याचे मार्ग प्रसिद्ध केले. २०१५ साली सॅमी कमकार या अमेरिकन संशोधकाने निराळीच युक्ती दाखवली. मालकाने पाठवलेला पहिला संकेत गोंगाट करून ग्राहकापर्यंत पोचूच द्यायचा नाही, पण स्वतः टिपून घ्यायचा. मालक पुन्हा बटण दाबतो. दुसराही टिपायचा आणि पहिला सोडून द्यायचा. दार उघडते, मालक खूश होतो. न वापरलेला दुसरा संकेत चोराच्या खिशात! माझे मत विचाराल, तर जुन्या गाडीला बदलत्या संकेताचा रिमोट लावावा, पण इंजिन चालू होण्याशी त्याचा संबंध ठेवू नये. दार उघडले म्हणून गाडी नेता येता कामा नये. खिशातल्या रिमोटला स्वतःच ओळखून उघडणाऱ्या पद्धतीच्या नादी तर लागूच नये. २०११ मध्ये झुरिचच्या संशोधकांनी अशा दहा गाड्या तपासल्या. मालकाच्या खिशातला संदेश दुरून पुढे पोचवून दहाही उघडता आल्या.

कासिमचा दोष याहून गंभीर आहे, कारण तिथे प्रश्न जिवाचा असतो. आतली यांत्रिक मूठ कधीही काढू नये, आणि ती विजेवाचून चाललीच पाहिजे. मुठी काढलेल्या गाडीत नालकुंतलाचा रिले असा जोडावा, की इंजिन चालू असताना त्याला वीजच मिळू नये. नाहीतर खिशातले बटण दाबले जाऊन चालत्या गाडीचे दार उघडेल. मुंबईत 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखली जाणारी १९५० च्या दशकातली फियाट ११०० आठवते का? तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असत. असे दार धावत्या गाडीत किंचित जरी उघडले, तरी वारा ते पंख्यासारखे मागे फेकतो.

बाहेरून आत जाण्याची तजवीजही हवी. मूळचे किल्लीचे कुलूप एका दारावर तरी शाबूत ठेवावे. तेही काढले असेल, तर कडीला बांधलेली एक पोलादी तार गाडीच्या पोटाखाली, चाकाच्या मागे न्यावी, आणि बॅटरीच्या दोन टोकांपासून फ्यूज घालून दोन झाकलेले खिळे बाहेर काढावेत, म्हणजे दुसऱ्या बॅटरीने वीज देता येते. दारात शिरणाऱ्या तारा बिजागरीपाशी रोज वाकतात. त्या अनेक बारीक पदरांच्या, रबरी नळीतून नेलेल्या असाव्यात.

काम पुरे झाल्यावर मिस्त्रीला पैसे देण्याआधी चारी काचा खाली करा, बॅटरीची तार सोडवा आणि गाडीभोवती एक फेरी मारा. प्रत्येक दार एकदा बाहेरून, एकदा आतून उघडून पाहा. चारांपैकी एखादे जरी अडले, तरी तार पुन्हा जोडू नका. दाराचे आतले पॅड उघडायला सांगा.